सोडतीचे धन कोणाचे?

सोडतीत मोठे बक्षीस लागले तर मनुष्याने प्रथम काय करावे, हे आज कोणासही विचारले तरी उत्तर एकच मिळते: कोणाला सांगू नये. तिकीट कुलपात ठेवावे, पैसा हाती पडला म्हणजे तो कोठे घालावयाचा हे एकट्याने ठरवावे, आणि मग ज्याला जे द्यावेसे वाटेल ते खुशीने द्यावे. असा उपदेश करणारे लोक अडाणी किंवा दुष्ट नसतात. ते शिकलेले, हिशेबी आणि चार पावसाळे अधिक पाहिलेले गृहस्थ असतात. उसनवार मागणारे, पावतीपुस्तके घेऊन फिरणारे आणि दामदुपटीच्या योजना सांगणारे लोक दारी लोटू नयेत म्हणून गावापासून ही गोष्ट गुप्त ठेवण्यास आमचीही ना नाही. परंतु या उपदेशातील ‘कोणाला’ या शब्दात घरची माणसेही येतात. आणि ‘खुशीने’ या शब्दात असे गृहीत धरलेले असते की, पैसा सर्वस्वी एकाचा असून इतरांच्या पदरात जे पडेल ते त्याच्या औदार्याचे फळ होय. ज्याचे तिकीट त्याचे धन, हे ते सूत्र. हे सूत्र आम्हांस मान्य नाही. ते का मान्य नाही, आणि त्याच्या जागी कोणते सूत्र असावे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

गोमाईच्या काठी, शहाद्याला खेटून असलेल्या आमच्या लोणखेड्यात एकरकमी पैसा ही अपूर्वाईची वस्तू नाही. पुरुषोत्तमनगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिल्यापासून उसाचे पैसे ठोक रकमेने घेण्याची सवय या भागास जडली. पपई, केळी व कापूस यांचेही तेच. पण त्या पैशाचे वाटेकरी तो येण्यापूर्वीच ठरलेले असतात. सोसायटीचे कर्ज, खत-बियाण्याची उधारी, सालदाराचे साल, हे सारे भागल्यावर जे उरेल ते घरधन्याचे, हे शेंबडे पोरही जाणते. ज्या पिकावर ज्याचा घाम वा पैसा लागला त्याचा त्यावर हक्क, या न्यायास कोणी औदार्य म्हणत नाही. चिठ्ठीने पैसा मिळण्याचा व्यवहारही येथल्या बायकांच्या नित्य परिचयाचा आहे. बारा जणी मिळून भिशी लावतात. प्रत्येकीने महिन्यास हजार रुपये घालावयाचे, चिठ्ठी उचलावयाची, आणि जिचे नाव निघेल तिने ते बारा हजार न्यावयाचे. नशीब येथेही आहे. पण कोणाची पाळी आधी आणि कोणाची मागून, एवढेच ते ठरविते. वर्षअखेर कोणीही बुडालेली नसते. पीक असो की भिशी असो, पैसा कोठून आला हे ठाऊक असल्यामुळे तो कोठे जावयाचा हेही ठाऊक असते. सोडतीचे धन तेवढे आकाशातून पडल्यासारखे भासते, आणि म्हणूनच ज्याच्या अंगणात पडले तो त्याचा धनी, असे आपण म्हणून बसतो.

पण ते आकाशातून पडलेले नसते. तिकीट कोणाच्या तरी पैशाने घेतलेले असते, आणि तो पैसा कोणाचा, हा प्रश्न आमच्या शास्त्रकारांनी फार पूर्वीच विचारून ठेवला आहे. याज्ञवल्क्याने भावांच्या वाटणीतून काही प्राप्ती वगळल्या आहेत: स्वतः मिळविलेले धन, मित्राने दिलेले, विवाहात मिळालेले. परंतु वडिलार्जित द्रव्यास धक्का न लावता ते मिळालेले असावे, अशी अट त्याने घातली आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने ही अट अधिकच कडक केली. त्याच्या मते ती केवळ स्वतः मिळविलेल्या धनास लागत नाही. मित्राच्या देणगीसही लागते, विवाहाच्या लाभासही लागते. सामायिक द्रव्य खर्चून जे काही मिळाले त्यात इतरांचा वाटा आहेच. लाभ कोणाच्या हातात पडला याला या विचारात गौण स्थान आहे. लाभासाठी कोणाचे द्रव्य झिजले, हा खरा प्रश्न होय.

हाच प्रश्न अर्वाचीन काळी पुन्हा उठला, तो विद्येच्या बाबतीत. इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधील एका हिंदू अधिकाऱ्याचे शिक्षण कुटुंबाच्या पैशाने झाले होते, म्हणून त्याची त्या विद्येवरील प्राप्तीही कुटुंबाची, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १९२१ साली दिला. सुशिक्षित वर्गात यावर खळबळ उडाली. आणि पुढे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या प्रयत्नाने १९३० साली कायदा होऊन, केवळ शिक्षणाचा खर्च घराने केला एवढ्यावरून विद्वानाची कमाई सामायिक ठरणार नाही, असा नियम झाला. आम्ही हा कायदा योग्य मानतो. घराने फी भरली असेल, पण रात्री जागविल्या त्या विद्यार्थ्याने. फी भरूनही विद्या न आलेले मुलगे काय थोडे असतात? श्रम व बुद्धी ही माणसाची स्वतःची असतात, आणि द्रव्याच्या मानाने त्यांचे पारडे जड असते. आता हेच माप सोडतीस लावून पाहावे. तिकीट घेण्यास बुद्धी लागत नाही, श्रम लागत नाहीत, धैर्यही लागत नाही. दुकानापर्यंत चालत जावे आणि खिशात हात घालावा, एवढाच पुरुषार्थ. ज्या कारणाने विद्वानाची कमाई त्याची स्वतःची ठरली ते कारणच येथे नाही. मग उरते काय? जे द्रव्य पणास लागले ते कोणाचे, हा जुना प्रश्न तेवढा उरतो.

आजच्या न्यायालयात मनुष्याने आपल्या पगारातून घेतलेल्या तिकिटाचे बक्षीस त्याचेच ठरेल, हे आम्ही जाणतो. आम्ही वकिली करावयास बसलेलो नाही. कायदा जेथे थांबतो तेथून पुढे गृहस्थाने कसे वागावे, याचा हा विचार आहे.

समजा, एक कारकून गृहस्थ दर आठवड्यास पन्नास रुपयांचे तिकीट घेतो. वर्षास २,६०० रुपये झाले. पंधरा वर्षांत ३९,०००. या पंधरा वर्षांत त्यास काही लागले नाही. हे एकुणचाळीस हजार कोणाचे गेले? त्याचे गेले, असे तो म्हणेल. पण घरात दुधाचा रतीब अर्धा शेर कमी झाला तो काही त्याच्या एकट्याच्या पेल्यातून नव्हे. मुलीची शाळेची सहल पुढच्या वर्षावर गेली, आईचा चष्मा दोऱ्याने बांधून आणखी सहा महिने चालला, पत्नीने सणाचे लुगडे घेतले नाही आणि त्याची वाच्यताही केली नाही. तोटा होत होता तोवर तो संसाराचा तोटा होता आणि सारे घर तो गपचूप सोशीत होते. सोळाव्या वर्षी बक्षीस लागले, आणि त्या क्षणी ते ‘माझे नशीब’ झाले! पंधरा वर्षे पाचांनी बुडावयाचे आणि सोळाव्या वर्षी एकट्याने तरावयाचे, हा हिशेब कोणत्याही पेढीवर लबाडीचा ठरेल. तो घरात मात्र व्यवहारज्ञान म्हणून खपतो. आमचे सूत्र यावरून सरळ निघते: तोटा ज्यांनी सोसला, नफा त्यांचा.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, ते पन्नास रुपये हातखर्चाचे होते. चहा-तंबाखूत गेले असते ते तिकिटात गेले. ठीक आहे. मग आम्ही एवढेच विचारतो की, त्या घरातील स्त्रीसही आठवड्यास पन्नास रुपये हिशेब न देता खर्चावयास मिळत होते काय? मिळत असतील, तर आमची हरकत नाही. तिकीट ज्याचे त्याचे म्हणावे. पण आमच्या मध्यम वर्गातील बहुसंख्य घरांत पुरुषाच्या हातखर्चास ‘खर्च’ म्हणतात आणि बाईने डब्यात टाकलेल्या चिल्लरीस ‘शिल्लक’ म्हणतात, व ती शिल्लकही महिनाअखेर संसारातच जिरते. ती स्वतः मिळवती असली तरी यात फारसा फरक पडत नाही. हाच नियम उलटही लागू आहे, हे सांगून टाकतो: बाईने घरखर्चातून तिकीट घेतले आणि तिला बक्षीस लागले, तर तेही तिच्या एकटीचे नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक कळकळीचा आहे. असे वाटीत बसलो तर सारी भाऊबंदकी दारी येईल आणि हाती धुपाटणे राहील! आमच्या सूत्राचा गुण हाच की, ते जसे दरवाजा उघडते तसेच बंदही करते. ज्याने तोटा सोसला त्याचा हक्क. ज्याने सोसला नाही त्याचा नाही. दहा वर्षे पत्र न धाडता बक्षिसाच्या वार्तेसरशी पेढे घेऊन येणाऱ्या मावसभावाचा यात कवडीचा वाटा नाही, आणि त्यास तसे स्पष्ट सांगण्यात अधर्म नाही. पण भाऊ कॉलेजात जावा म्हणून जी बहीण सातवीतून घरी बसली, तिचा आहे. नोकरी सुटली तेव्हा ज्या मेहुण्याने सहा महिने किराणा भरला, त्याचा आहे. असे हिशेब कोणत्याही वहीत नसतात. पण ज्याला ते फेडावयाचे आहेत त्याला ते तोंडपाठ असतात, आणि ठाऊक नाहीत असे तो म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत असतो.

बरोबरीने पैसा घालून बरोबरीने वाटणे किती सोपे आहे याचा धडा मोठ्या पगाराच्या लोकांनी घालून दिला नाही, तो कचरा गोळा करणाऱ्या बायकांनी घालून दिला. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातील परप्पनंगाडी नगरपालिकेच्या हरितकर्म सेनेतील अकरा स्त्रियांनी २०२३ साली वर्गणी करून अडीचशे रुपयांचे एक तिकीट घेतले. नऊ जणींनी पंचवीस-पंचवीस रुपये दिले. दोघींजवळ तेवढे नव्हते म्हणून दोघींनी मिळून पंचवीस घातले. तिकिटास दहा कोटींचे बक्षीस लागले. येथे कोण किती वाट्याची धनीण, याविषयी वाद होण्यास जागाच नव्हती. कारण तिकीट घेतानाच साडेबारा रुपयांपर्यंतचा हिशेब झाला होता. आमच्या पदवीधर घरांत लाखाच्या कर्जावर पती-पत्नी दोघांच्या सह्या घेतात, आणि लाभाच्या कागदावर एकाच्याच!

या एका सहीच्या मुळाशी जी समजूत आहे, ती सोडतीहून कितीतरी जुनी व खोल आहे. आमच्या जिल्ह्यातील अक्कलकुवा व अक्राणी या तालुक्यांची तेहतीस गावे सरदार सरोवराच्या पाण्याने बाधित झाली. ते धन लाभाचे नव्हते, घरदार गेल्याची ती भरपाई होती; सोडतीशी त्याची बरोबरी करणे हा त्या लोकांचा अपमान होईल. परंतु कुटुंब म्हणजे काय, हे त्या वेळी कसे ठरले ते पाहण्यासारखे आहे. नर्मदा पाणीतंटा लवादाच्या १९७९ च्या निवाड्याने जमीन जाणाऱ्यास रोकड देऊन न थांबता किमान दोन हेक्टर जमीन द्यावी असे म्हटले, हे शहाणपणाचे होते; पण त्याच निवाड्याने प्रत्येक सज्ञान मुलास स्वतंत्र कुटुंब मानले आणि सज्ञान मुलीचा उच्चार केला नाही. मोठमोठ्या न्यायाधीशांच्या लेखणीतून मुलगी अशी सहज गळून पडली. मग तिकीटधारक कारकुनाने तिला विसरावे यात नवल ते काय?

वास्तविक कायद्याने या बाबतीत रस्ता दाखविला आहे. हिंदू गृहस्थ मृत्युपत्र न करता मरण पावला तर १९५६ च्या वारसा कायद्याने त्याचे स्वकष्टार्जित धन आई, पत्नी, मुलगे व मुली यांत सारखे वाटले जाते. म्हणजे त्याच्या मागे कायदा जो न्याय करील तो त्याने डोळ्यांदेखत करावा, एवढेच आम्ही मागतो. न्याय व्हावयास मरणाची वाट पाहावी लागावी, हे कोणत्याही घरास भूषणावह नाही.

आता दानशूरांविषयी दोन शब्द. बक्षीस लागताच देवळाच्या सभामंडपास फरशी, गावजेवण, आणि संगमरवरी पाटीवर नाव, असा एक मार्ग आहे. दुसरा मार्ग गुप्तदानाचा. पहिल्यात कीर्ती मिळते, दुसऱ्यात पुण्य. दोहोंतही पत्नीस विचारलेले नसते. बिहारातील मोतिहारीच्या एका तरुणाने २०११ साली दूरदर्शनवरील प्रश्नोत्तरांच्या खेळात पाच कोटी रुपये जिंकले. पुढे २०२० साली त्याने आपणच लिहून प्रसिद्ध केले की, गुप्तदानाच्या नादात अनेकांनी त्यास फसविले आणि यावरून पत्नीशी बेबनाव वाढत गेला. खरी गरजू माणसे कोणती हे तुम्हांस ओळखता येत नाही, असे ती सांगत असे. त्याने ज्ञानाच्या बळावर पैसा मिळविला होता, म्हणून त्यावर त्याचा हक्क सोडतीच्या धन्याहून पुष्कळ मोठा होता. तरीही घरातील शहाण्या माणसाचा सल्ला डावलण्याची किंमत त्याला द्यावी लागली. इतरांच्या वाट्यातून केलेले दान हे दान नव्हे. तो दुसऱ्याच्या पैशाने मिरविलेला मोठेपणा आहे.

याच्या अगदी उलट टोकास नीतिवादी उभे आहेत. हा जुगाराचा पैसा. तो घरात शिरला की घर बुडते. तो न घेणेच बरे. द्यूताविषयी आमच्या वाङ्मयात ऋग्वेदातील जुगाऱ्याच्या सूक्तापासून महाभारतातील सभापर्वापर्यंत जे सांगितले आहे ते आम्हांस ठाऊक आहे, आणि तिकीट घेण्याची शिफारस आम्ही कोणास करणार नाही. परंतु अनपेक्षित पैशाने माणूस बिघडतोच, हे खरे नाही. अमेरिकेतील इलिनॉय संस्थानातील बावीस विजेत्यांची १९७८ साली जी पाहणी प्रसिद्ध झाली, तिच्या आधाराने हे मत फार पसरले. उलट स्वीडनमधील हजारो सोडतखेळाडूंवरून २०२० साली जे संशोधन प्रसिद्ध झाले, त्यात मोठे बक्षीस मिळालेल्यांचे आपल्या आयुष्याविषयीचे समाधान दहा वर्षांहूनही अधिक काळ वाढलेले आढळले. घर बुडते ते पैशाने नव्हे, पैशाभोवतीच्या लपंडावाने. आणि नीतिवाद्यांस आम्ही असेही विचारतो की, बक्षीस नाकारल्याने शुद्धी कोणाची होणार? मुदतीत न नेलेले बक्षीस १९९८ च्या सोडतविषयक कायद्याप्रमाणे तिकीट विकणाऱ्या सरकारच्याच पदरात पडते.

या सरकारासही येथे मोकळे सोडता येत नाही. महाराष्ट्र राज्याची सोडत १२ एप्रिल १९६९ रोजी सुरू झाली. सरकार तिकीट विकते तेव्हा त्यावर कर घेते, २०२५ च्या सप्टेंबरपासून शंभरास चाळीस या दराने. आणि बक्षीस देते तेव्हा शंभरास तीस प्राप्तिकर, वर उपकर व अधिभार निराळे. हरणाऱ्याकडूनही घ्यावयाचे आणि जिंकणाऱ्याकडूनही, असा हा व्यवहार आहे. सोडतीने लोकहिताची कामे होतात, ही सबबही जुनीच. मुंबईच्या टाउन हॉलसाठी गेल्याच्या मागच्या शतकात सोडत काढली होती. तिचा पैसा पुरला नाही, आणि १८३३ साली ती इमारत पुरी झाली ती कंपनी सरकारच्या तिजोरीतून भर घातल्यामुळे. म्हणून आम्ही म्हणतो की, बक्षिसाचा काही भाग सार्वजनिक कामास द्यावा तो सरकारच्या भरवशावर न बसता स्वतः द्यावा. तोही धर्म म्हणून नव्हे. बक्षिसातील प्रत्येक रुपया हा अनोळखी हरलेल्या माणसाचा आहे. त्यात हमाल आहेत, ऊसतोड करणारे आहेत, रिक्षावाले आहेत. तोटा सोसणाऱ्यांच्या यादीत तेही येतात. त्यांची नावे कळावयाची नाहीत. तेव्हा त्यांची मुले ज्या शाळेत जातात त्या शाळेस पुस्तके व पंखे द्यावेत, आणि पाटी लावू नये. कर्ज फेडताना कोणी आपली पाटी लावीत नाही.

तर मग गृहस्थाने करावे काय? प्रथम ज्या दिवशी त्याला कळले त्याच दिवशी घरातील सज्ञान माणसांस, मुलींसह, कळावे. कर वजा जाऊन खरी रक्कम किती उरते ते सर्वांसमोर मांडावे. एक कोटीचे स्वप्न पाहून सत्तर लाखांहूनही कमी हाती आले म्हणजे निम्मे तंटे तेथेच सुरू होतात. देणी प्रथम द्यावी. त्यानंतर सहा महिने रक्कम बँकेत स्वस्थ पडू द्यावी; या काळात तोटा सोसणाऱ्यांची यादी सर्वांनी मिळून करावी आणि वाटणी लेखी ठरवावी. पत्नीचा वाटा तिच्या नावाने, तिच्या खात्यात, तिच्या सहीने असावा. पतीने पत्नीस मोबदल्यावाचून दिलेल्या धनाचे उत्पन्न प्राप्तिकराचा कायदा अजून पतीच्याच उत्पन्नात मिळवितो. पुष्कळांस ही सबब सोयीची वाटेल, पण कर थोडा अधिक पडतो म्हणून कोणाचा हक्क बुडत नाही. मित्रांशी अर्ध्याअर्ध्याचा तोंडी करार असेल तर तो तिकीट घेतानाच कागदावर उतरवावा. मागाहून दिलेली रक्कम देणगी ठरते, आणि नातेवाईक नसलेल्यास मिळालेली पन्नास हजारांवरील देणगी ही त्याचे करपात्र उत्पन्न होते.

यात शेवटी त्या गृहस्थास काय उरले, असे कोणी विचारील. त्याचा स्वतःचा वाटा उरला. तो त्याने पाहिजे तसा खर्चावा, मोटार घ्यावी, काशीस जावे, आमची हरकत नाही. फक्त वाटणी झाल्यावर कोणाकडूनही उपकाराचे शब्द ऐकण्याची अपेक्षा त्याने ठेवू नये. ज्या बाईने पंधरा वर्षे अर्धा शेर दुधात पाच माणसे भागविली, तिने आपला वाटा घेताना ‘तुमची कृपा’ असे म्हणावयाचे नाही. तिने रक्कम मोजून घ्यावी आणि पावतीवर सही करावी.